चड्डी ओली होते, ती नेमकी कधी?

दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, डब्याच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली एक जादा चड्डी. पहिली-दुसरीतल्या कितीतरी मुलांच्या आया ती गुपचूप भरतात आणि दुपारी तीच पिशवी ओल्या चड्डीसह घरी येते. दवाखान्यात हे सांगताना आवाज खाली जातो. सर्दी-खोकल्याचं औषध लिहून झालेलं असतं, आई उठलेली असते, आणि दाराशी थबकून "डॉक्टर, अजून एक होतं..." अशी ती गोष्ट निघते. रात्री अंथरुणात शू होते हे लोक आता मोकळेपणानं बोलतात. त्यावर आजीकडे विस्तवाशी न खेळण्याची ताकीद आणि तिळाचा लाडू तयारच असतो. पण दिवसा, जागेपणी, गणवेशात शू होते म्हटलं की घरात दोनच निदानं ऐकू येतात: "आळस आहे नुसता" आणि "मुद्दाम करते".

मुद्दाम चड्डी ओली करणारं मूल शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. ओली चड्डी कपाटामागे, गादीखाली, बाल्कनीतल्या कुंडीच्या आड लपवणारी मुलं मात्र पुष्कळ सापडतात. ज्याला लाज वाटते ते मुद्दाम करत नसतं, एवढं मान्य केलं तरच पुढचा तपास नीट होतो. कारण या तपासातला मुख्य साक्षीदार ते मूलच आहे, आणि मार खाल्लेला साक्षीदार खरं सांगत नाही.

आधी वयाचं बोलू. बहुतेक मुलं तीन ते चार वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहायला शिकतात, पण अधूनमधून फजिती होत राहते. खेळात गुंगलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलानं अंगणात चड्डी ओली केली तर त्याला डॉक्टरकडे नेण्याची गरज नाही, दुसरी चड्डी द्यावी. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही हे वरचेवर होत असेल तर कारण शोधायला घ्यावं. पाचाच्या आत शोधायचं ते ठरावीक परिस्थितीतच: मूल चांगलं सहा महिने कोरडं राहून पुन्हा ओलं होऊ लागलं, लघवी सतत ठिबकते, लघवीला दुखतं, वारंवार ताप येतो, किंवा धार अगदी बारीक आहे.

मग पालक विचारतात, कोणती तपासणी करू? मी उलटा प्रश्न विचारतो: चड्डी ओली होते ती कधी? शू लागल्यावर धावता धावता? शू करून आल्यावर लगेच? हसताना? की दिवसभर केव्हाही? याचं नेमकं उत्तर मिळालं की अर्धं निदान झालेलं असतं, आणि ते उत्तर कुठल्याही यंत्रात नसतं, घरातल्या माणसांच्या डोळ्यांत असतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो प्रकार म्हणजे शू धरून ठेवणं. मूल सकाळी सातला घरून निघतं आणि दुपारी दीडला परत येईपर्यंत एकदाही जात नाही. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नसते, वास येतो, फरशी ओली असते. मधली सुट्टी वीस मिनिटांची आणि तेवढ्यात डबाही संपवायचा असतो. तासाला हात वर करून विचारायचं तर बाई सगळ्यांसमोर "आत्ताच सुट्टी झाली ना?" म्हणतात. म्हणून मूल स्वतःच हिशोब करतं: पाणीच प्यायचं नाही. बाटली जशी भरली तशी परत येते. लघवी गडद पिवळी होते, चुरचुरते, शीसुद्धा कडक होते. मग स्कूलबसमधून उतरून, जिना चढून, दाराच्या बेलवर बोट ठेवलेलं असताना बांध फुटतो. सुट्टीच्या दिवशी हेच मूल कार्टून किंवा मोबाइल सोडवत नाही म्हणून धरून ठेवतं. पायाला आढी घालतं, नाचतं, एका जागी उभं राहत नाही. आपण विचारलं, "शू आली का?" तर ठाम उत्तर येतं, "नाही." ते खोटं बोलत नसतं. सतत दाबून ठेवलेली जाणीव हळूहळू बोथट होते.

याचं जुळं भावंड शोभावं असं दुसरं कारण म्हणजे उतावळं मूत्राशय. इथे पिशवी भरण्याआधीच आकुंचन पावते. मुलाला शू लागते ती एकदम, आत्ताच्या आत्ता. अशी मुलं कधी कधी अचानक खाली बसतात आणि एक टाच मांड्यांच्या मध्ये घट्ट दाबून धरतात, चेहरा स्थिर. पाहणाऱ्याला वाटतं बुटाची नाडी बांधतंय. १९६६ मध्ये व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये या बैठकीचं वर्णन केलं. राजघराण्यासमोर इंग्रज बायका गुडघा वाकवून अभिवादन करतात, तसं ते दिसतं म्हणून नावही त्या अभिवादनाचंच दिलं. धरून ठेवणाऱ्या मुलांमध्येही ही बैठक दिसते, त्यामुळे नुसत्या तिच्यावरून निकाल देऊ नये. फरक मोजल्यावर कळतो: धरून ठेवणारं मूल दिवसातून तीनदा किंवा त्याहून कमी जातं आणि गेलं की भरपूर करतं, उतावळ्या पिशवीचं मूल आठ किंवा जास्त वेळा जातं आणि प्रत्येक वेळी थोडीच होते.

तिसऱ्या प्रकारात दोष सोडण्यात असतो. शू करताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत, ते मूल नेमके आवळतं. धार तुटक येते, थांबते, पुन्हा येते, मूल कुंथतं. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. यासाठी बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून कान द्यावा. सरळ वाहणाऱ्या धारेचा आवाज आणि अडखळणाऱ्या धारेचा आवाज वेगळा असतो, एकदा ऐकलात की विसरत नाही.

आता मुलींच्या बाबतीतली एक साधी गोष्ट, जिच्यापायी मी विनाकारण झालेल्या सोनोग्राफ्यांच्या फायली पाहिल्या आहेत. मुलगी व्यवस्थित शू करून येते, उभी राहते, आणि दहा मिनिटांच्या आत चड्डीला ओल लागते. रोज, जवळजवळ प्रत्येक वेळी. पिशवीत काही बिघाड नसतो. शू करताना मांड्या जवळ असल्यानं थोडी लघवी योनिमार्गात शिरते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. भारतीय पद्धतीच्या शौचालयात चड्डी गुडघ्यापर्यंतच उतरवली की मांड्या फाकतच नाहीत. कमोडवर बारीक अंगाची मुलगी आत घसरू नये म्हणून पाय जुळवून बसते. तपासणी आणि उपाय एकच आहे. चड्डी पूर्ण काढायची, गुडघे लांब ठेवायचे, थोडं पुढे वाकायचं, शू झाल्यावर तसंच वीस-तीस आकडे मोजायचे, मग पुसून उठायचं. कमोडवर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल हवं. आठवडाभरात ओल थांबली तर निदान झालं. थांबली नाही तर डॉक्टरांना एकदा बाहेरून तपासू द्या. लहान मुलींमध्ये योनीच्या बाहेरच्या कडा कधी कधी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यामागे लघवी साचते. मुलांमध्ये शिश्नाच्या पुढच्या कातडीचं तोंड फारच अरुंद असेल तर शू करताना ती फुग्यासारखी फुगते आणि नंतर थेंब गळतात.

हसता हसता पूर्ण पिशवी रिकामी होणं हा वेगळा, दुर्मीळ प्रकार आहे. तो बहुतेक मुलींत दिसतो आणि इतर वेळी त्या पूर्ण कोरड्या असतात. कधी कधी पालक एक उलटंच चित्र घेऊन येतात: चार-पाच वर्षांचं मूल अचानक दर पंधरा-वीस मिनिटांनी शूला पळायला लागतं, थेंबभर करतं, पण चड्डी कोरडी आणि रात्री झोप शांत. लघवीची तपासणी आणि साखर ठीक असेल तर हे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतं. घरात नवं बाळ, शाळा बदलणं, आजोबांचं जाणं असं काही आसपास घडलेलं असतं, नेहमीच नाही.

रोज शी होते, पण...

इथपर्यंत ऐकून पालक मान डोलावतात. मी शीबद्दल विचारलं की मात्र त्यांना वाटतं डॉक्टर विषय सोडून भलतीकडे गेले. "पोट अगदी साफ आहे हो, रोज होते." या एका वाक्यानं दिवसा चड्डी ओली होण्याची जितकी खरी कारणं झाकली गेली असतील, तितकी दुसऱ्या कशानं नसतील.

गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे, पाठीला पाठ लावून असतं. त्यात कडक शी साचून राहिली की पिशवीला पूर्ण फुगायला जागा उरत नाही, ती चिडखोर होते, आणि रिकामी होताना अडतेही. दोघांच्या मज्जातंतूंचं घराणंही एकच आहे. म्हणून आतड्यातला अडथळा लघवीत दिसतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या वेरा लोएनिंग-बाउके यांनी १९९७ मध्ये बद्धकोष्ठतेच्या २३४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २९ टक्के मुलांची लघवी दिवसा गळत होती. ज्यांची बद्धकोष्ठता उपचारांनी आटोक्यात आली, त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांचं दिवसाचं गळणं थांबलं.

रोज थोडी शी होणारं मूलही आतून तुंबलेलं असू शकतं. विचारायचं ते असं: शी खड्यांसारखी किंवा भेगा पडलेल्या जाड नळीसारखी आहे का? कधी कमोड तुंबेल इतकी मोठी होते का? करताना दुखतं, मूल कोपऱ्यात जाऊन पाय आवळून उभं राहतं का? चड्डीला शीचे डाग लागतात का? हे डाग नीट न धुतल्यामुळे पडलेत असं आपण समजतो, पण अनेकदा साचलेल्या कडक शीच्या कडेनं पातळ शी झिरपत असते. आणि मूल स्वतःचं स्वतः शौचाला जायला लागल्यापासून शी कशी होते हे घरात कुणीच पाहिलेलं नसतं. आठ दिवस तरी फ्लश करण्याआधी हाक मारायला सांगा.

ताटाकडेही एक नजर टाका. मैद्याची बिस्किटं, दिवसभर दूध, भाजी बाजूला सारलेली, पाणी नाही, आणि सकाळी बसची घाई म्हणून शौचाला वेळ नाही. बद्धकोष्ठता बहुधा इथूनच सुरू होते. बिस्किटांबरोबर कपभर चहा देण्याची आपली पद्धतही इथे नडते, कारण चहा आणि कोलामधलं कॅफीन उतावळ्या पिशवीला आणखी उतावळं करतं.

वही आणि मापी मग

आता घरची तपासणी. खर्च एका पारदर्शक, मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मगाचा. शनिवार-रविवार असे दोन सुट्टीचे दिवस निवडा. प्रत्येक वेळी शू मगात करायची, मुलींना भांड्यात किंवा पॉटीवर बसवून मग मोजायची. किती वाजता, किती मिलि, चड्डी कोरडी, दमट की ओली, त्या वेळी मूल काय करत होतं, हे लिहा. पाणी, दूध, ताक, सरबत जे काही पोटात गेलं तेही. शीची नोंद मात्र पूर्ण आठवडाभर ठेवा. शाळेच्या दिवशी मोजता येणार नाही, तेव्हा बाटलीत किती पाणी उरलं आणि मूल किती वेळा गेलं एवढं विचारून टिपा. मुलाला या कामात सोबत घ्या. आकडे स्वतः लिहायला मिळाले की सहा वर्षांचं मूल खूश असतं, आणि गुन्हेगार न राहता तपासनीस होतं.

मूत्राशयाची साधारण क्षमता काढायचं सूत्र सोपं आहे: वयात एक मिळवा आणि तिसानं गुणा. सहा वर्षांच्या मुलाची पिशवी २१० मिलिच्या आसपास. सकाळची पहिली शू रात्रभर साठलेली असते, तिला या तुलनेतून वगळा. दिवसातून चार ते सात वेळा शू होणं ठीक.

समजा सात वर्षांच्या मुलीची वही अशी आली: दिवसात तीनच वेळा, दुपारी दोनला ३१० मिलि, रात्री २८०, मधे संध्याकाळी खेळताना ओली. ही धरून ठेवणारी. तिच्याच वयाचा मुलगा अकरा वेळा गेला, दर वेळी ५० ते ८०, त्यात तीनदा वाटेत गळली आणि आठवड्यात शी दोनदा. इथे आधी पोट. तिसऱ्या वहीत सहा वेळा, दर वेळी दीड-दोनशे, सगळं छान, पण प्रत्येक नोंदीनंतर पाच मिनिटांनी "दमट" लिहिलेलं. ही गुडघ्यापर्यंतच्या चड्डीची कहाणी. चौथ्या वहीत बारा वेळा, प्रत्येक वेळी अडीचशे, रात्रीही दोनदा उठून, आणि मूल तीन लिटर पाणी प्यायलेलं. ही वही दुसऱ्या दिवसापर्यंत लिहीत बसू नका.

कारण ते मधुमेहाचं चित्र असू शकतं. आधी कोरडं असलेलं मूल अचानक ओलं होऊ लागलं, सारखी तहान, वजन उतरलं, शू झालेल्या जागी मुंग्या लागतात, यातलं काहीही दिसलं तर रक्तातली साखर त्याच दिवशी तपासून घ्या. लहान मुलांतला हा मधुमेह काही दिवसांत जिवावर बेतू शकतो.

दुसरी थांबायला नको अशी खूण म्हणजे कायम ठिबकणं. मुलगी नियमित शू करते, धार चांगली आहे, तरी दिवसरात्र चड्डी कधीच कोरडी नसते, अगदी जन्मापासून. अशा वेळी एखादी मूत्रवाहिनी पिशवीत न उघडता खाली, लघवी रोखून धरणाऱ्या झडपेच्या पलीकडे उघडत असण्याची शक्यता असते. मुलांमध्ये हे असं गळत नाही, कारण त्यांच्यात ती चुकली तरी झडपेच्या वरच उघडते. हा दोष सवयींनी जाणार नाही, शस्त्रक्रियेनं जातो; वेळीच ओळखला तर वर्षानुवर्षं त्या मुलीला निष्काळजी म्हणणं टळतं. मुलाची धार पहिल्यापासून बारीक, कुंथून येणारी असेल तर मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्याचा विचार व्हायला हवा. आणि मुलाला उघडं करून त्याची पाठ पाहा: कमरेखाली केसांचा झुपका, खळगा, गाठ, लाल डाग, किंवा नितंबांमधली रेघ तिरकी आहे का? चाल बदलली, एका पायाचा बूट वेगळा झिजतो, शीवरही ताबा नाही? मग मज्जारज्जूची तपासणी आणि एमआरआय हवं. याउलट, पाठ स्वच्छ आणि पाय ठणठणीत असताना एक्स-रेच्या अहवालात 'स्पायना बिफिडा ऑकल्टा' असे शब्द आले म्हणून झोप उडवून घेऊ नका, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी योगायोग असतो.

आणखी एक, जे लिहायला जड जातं. मूल अचानक ओलं होऊ लागलं, एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरू लागलं, गुप्तांगाला दुखतं म्हणालं, तर ते ऐकून घ्या, शांतपणे, उलटतपासणी न करता, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

दवाखान्यात पहिल्या भेटीत पुष्कळदा लघवीची साधी तपासणी, गरज वाटल्यास कल्चर, एवढंच लागतं. नमुना पॉटीतला चालत नाही. जागा पाण्यानं धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली स्वच्छ डबीत घ्यायची आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. अँटिबायोटिकचा पहिला डोस कल्चरसाठी लघवी दिल्यानंतर. सोनोग्राफी सांगितली तर शू करण्याआधी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा पिशवी पाहायला सांगा. शू करून आल्यावरही दरवेळी २० मिलिपेक्षा जास्त उरत असेल तर लक्ष द्यायला हवं. मात्र "पाणी पी, पाणी पी" करून मुलाला बाकावर दोन तास बसवलं की तुडुंब ताणलेली पिशवी कुणाचीच नीट रिकामी होत नाही. आकडा मोठा आला तर मुलाला पुन्हा एकदा शूला पाठवून परत मोजायची विनंती करा. त्याच वेळी पिशवीमागच्या गुदाशयाची रुंदीही विचारा. ती तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर आत शी साचल्याचा तो चांगला पुरावा आहे, आणि "रोज होते" म्हणणाऱ्या घरात दाखवायला उपयोगी. नळी घालून काढायचे एक्स-रे आणि दाब मोजण्याच्या चाचण्या पहिल्या पायरीच्या नाहीत. मैत्रिणीच्या मुलाला लागू पडलेली मूत्राशय शांत करणारी गोळी तर मुळीच आणू नका. त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते, आणि ज्याची पिशवी मुळात रिकामी होत नाही त्याचं आणखी बिघडतं.

धोक्याची एकही खूण नसेल तर पुढचे काही आठवडे केलेला प्रयोग हीच तपासणी. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध पूर्ण मात्रेत देऊन आधी पोट मोकळं करा. यात आठवडेच नव्हे, महिनेही जातात, शी मऊ झाली म्हणून लगेच बंद करू नका. दर दोन-अडीच तासांनी शू, लागली असो वा नसो. "आली का?" असं विचारायचं नाही, "वेळ झाली, चल" म्हणायचं. वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या: हे मूल विचारून जावो वा न विचारता, त्याला जाऊ द्यावं. पाण्याची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी व्हायला हवी, एवढं ध्येय मुलाला पुरतं. रात्रीच्या अंथरुणाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, तो दिवस कोरडा झाल्यावर.

महिन्याभरानं मापी मग पुन्हा काढा, दोन दिवस लिहा, आणि दोन्ही वह्या उघड्या करून शेजारी शेजारी माझ्या टेबलावर ठेवा. मुलालाही आणा, आकडे त्यालाच वाचू द्या.